सिल्विया नाइड खेळाडू म्हणून किती मोठी होती?

प्रश्न थोडक्यात असा होता: "आमच्या क्लबातल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींसमोर मला जर्मनीच्या सिल्विया नाइडवर बोलायचंय. प्रशिक्षक म्हणून ती थोरच. पण खेळाडू म्हणून बघितलं तर 111 सामने, 48 गोल, विश्वचषक नाही, ऑलिम्पिकचं पदक नाही. मग मिडफिल्डर म्हणून तिचं एवढं नाव का घेतात? प्रशिक्षक झाल्यावर मिळालेल्या यशामुळे तिचं खेळणं मागाहून फुगवलं गेलंय का?"

प्रश्न रास्त आहे. मी बरीच वर्षं मुलींना फुटबॉल शिकवतेय आणि त्यातला सगळ्यात जास्त वेळ मधल्या फळीवर जातो, म्हणून जरा लांबलचक लिहिते. आधी उत्तर सांगून टाकते: नाही, फुगवलेलं नाही. माझ्या मते झालंय ते उलटंच. तिचं प्रशिक्षकपद इतकं गाजलं की तिचा खेळ त्याच्याखाली झाकला गेला. 2007 चा विश्वचषक, 2009 आणि 2013 ची युरोपीय विजेतेपदं, 2016 चं ऑलिम्पिक सुवर्ण, शिवाय महिला फुटबॉलमधला सर्वोत्तम प्रशिक्षक हा फिफाचा मान 2010, 2013 आणि 2016 असा तीनदा. एवढं सगळं समोर असताना 1996 साली बूट उतरवलेल्या खेळाडूकडे कुणाचं लक्ष जाणार?

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. नाइडनं काय जिंकलं, हा एक. नाइड मैदानावर काय करत होती, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर पदकांच्या तक्त्यात मिळतं, पण तो तक्ता वाचण्याआधी तिच्या काळात जिंकण्यासारखं होतं तरी काय, हे बघावं लागतं. दुसऱ्याचं उत्तर तक्त्यात नाहीच. ते शोधावं लागतं आणि त्यात थोडा अंदाजाचा भाग राहतो. जिथे माझा अंदाज आहे तिथे तसं सांगेन.

काळापासून सुरू करते. नाइडचा जन्म 2 मे 1964 चा, वाल्ड्युर्न नावाच्या दक्षिण जर्मनीतल्या छोट्या गावातला. त्या वेळी पश्चिम जर्मनीत बायकांच्या फुटबॉलवर तिथल्या फुटबॉल संघटनेची, म्हणजे डीएफबीची, बंदी होती. 1955 साली ठराव करून डीएफबीनं आपल्या क्लबांना बजावलं होतं की महिलांचे संघ काढायचे नाहीत, त्यांना ग्राउंड द्यायचं नाही, रेफ्री द्यायचे नाहीत. बाईच्या शरीराला आणि शालीनतेला हा खेळ मानवत नाही, असं त्याचं कारण. बंदी उठली 31 ऑक्टोबर 1970 ला, म्हणजे नाइड सहा वर्षांची असताना. उठली तीही अटी घालून. हिवाळ्यात दीर्घ सुट्टी, स्टडचे बूट नकोत, बॉल हलका, आणि सामना पुरुषांच्या सामन्यापेक्षा कमी मिनिटांचा.

परवानगी मिळाली तरी राष्ट्रीय संघ काढायची घाई कुणालाच नव्हती. 1981 साली तैवानमध्ये निमंत्रित संघांची जागतिक स्पर्धा भरली, तेव्हा जर्मनीकडे पाठवायला संघच नव्हता. मग बेर्गिश ग्लाडबाखचा एसएसजी 09 हा क्लब गेला आणि स्पर्धा जिंकून परत आला. आपल्या मुलींना यातली एक गोष्ट जरूर सांगा: जर्मनीच्या महिला संघानं पहिला सामना खेळण्याआधीच भारताचा महिला संघ कालिकतच्या आशियाई स्पर्धेत उपविजेता ठरला होता. कोण कुठून निघालं आणि कोण कुठे पोचलं, यावर वेगळं लिहावं लागेल. आज तो विषय नाही.

10 नोव्हेंबर 1982, कोब्लेन्त्स. पश्चिम जर्मनी विरुद्ध स्वित्झर्लंड. जर्मन महिला संघाचा हा पहिला अधिकृत सामना, प्रशिक्षक गेरो बिझान्त्स. अठरा वर्षांची नाइड बदली खेळाडू म्हणून आत आली आणि आल्या आल्या तिनं गोल केला. पुढे आणखी एक केला. जर्मनी 5-1 नं जिंकली.

हा सामना मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि तो पहिला होता म्हणून नव्हे. बदली म्हणून उतरणाऱ्या मिडफिल्डरचं काम किती अवघड असतं, हे शिकवणाऱ्याला कळतं. स्ट्रायकर उशिरा उतरली तर तिला एका डिफेंडरशी मामला असतो. एक चांगला बॉल मिळाला की तिचं काम सुरू. मिडफिल्डरला मात्र उतरल्याबरोबर चारी बाजूंचा हिशेब लागतो. आपली कोण मागे राहते, समोरची कोण दमलीय, मध्ये जागा कुठे सुटतेय, बॉल कुठल्या बाजूनं जास्त येतोय. बहुतेक मुलींना हा अंदाज यायला आठ-दहा मिनिटं जातात आणि तेवढ्यात दोन-तीन पास वाया जातात. बाकावर बसून जी सामना नुसता बघत नाही, वाचते, तिलाच ही मिनिटं लागत नाहीत. अठराव्या वर्षी, देशाच्या पहिल्याच सामन्यात, नाइडला ती लागली नाहीत. यातून निष्कर्ष काढणं हा माझा अंदाज आहे, पण तो हवेतला नाही. पुढची चौदा वर्षं तो खरा ठरत गेला.

यापुढचा भाग तक्त्यात दिसत नाही आणि तुमच्या प्रश्नाचं अर्ध्याहून अधिक उत्तर त्यातच आहे. 1984 ची युरोपीय स्पर्धा झाली. अंतिम टप्प्यात चार संघ होते आणि जर्मनी त्यांत नव्हती. 1987 ला पुन्हा चारच संघ, पुन्हा जर्मनी नाही. महिला विश्वचषक तेव्हा अस्तित्वातच नव्हता. पहिला झाला 1991 ला. ऑलिम्पिकमध्ये महिला फुटबॉल आलं 1996 ला. म्हणजे वयाच्या अठराव्या वर्षापासून पंचविशीपर्यंत, ज्या वर्षांत खेळाडूचे पाय सगळ्यात ताजे असतात, नाइडला एकही मोठी स्पर्धा खेळायला मिळाली नाही. आजच्या एखाद्या मिडफिल्डरच्या कारकिर्दीतून ही सात वर्षं खोडून बघा. तिच्या खात्यात काय उरेल?

"तेव्हा प्रतिस्पर्धी कच्चे होते, म्हणून गोल झाले" असं कुणी म्हणेल. थोडं खरं आहे. पण जर्मनीचा संघही तेव्हा कच्चाच होता, नाहीतर दोनदा पात्रता हुकली नसती. दुबळ्या संघातल्या मिडफिल्डरला दुबळ्या प्रतिस्पर्ध्याचा फायदा तितकासा मिळत नाही, कारण तिच्या आजूबाजूला बॉल राखणाऱ्याही कमीच असतात.

मग आलं 1989. युरोपीय स्पर्धेचा अंतिम टप्पा पश्चिम जर्मनीतच होता. 28 जूनला इटलीविरुद्ध उपांत्य सामना, झीगनमध्ये. नाइडचा क्लब टीएसव्ही झीगनचाच, म्हणजे सामना तिच्या घरच्या गावात. टीव्हीवर तो थेट दाखवला गेला, जे तोवर तिथल्या महिला फुटबॉलच्या वाट्याला आलेलं नव्हतं. दुसऱ्या हाफमध्ये जर्मनीचा गोल नाइडनं केला, इटलीनं बरोबरी साधली, आणि सामना पेनल्टींवर गेला. तिथे गोलकीपर मारिओन इस्बर्टनं तीन पेनल्टी अडवल्या आणि निर्णायक पेनल्टी स्वतः मारून आत घातली. साहजिकच लोकांच्या लक्षात राहिली ती इस्बर्ट, आणि तो मान तिचाच आहे. पण सामना पेनल्टीपर्यंत पोचला तो कुणाच्या गोलमुळे, हे विसरलं गेलं. मिडफिल्डरच्या बाबतीत हे नेहमीच होतं.

2 जुलैला ओस्नाब्रुकमध्ये बावीस हजार प्रेक्षकांसमोर अंतिम सामना झाला. समोर नॉर्वे, म्हणजे आधीच्या स्पर्धेचा विजेता संघ. जर्मनी 4-1 नं जिंकली. उर्झुला लोननं दोन, हायडी मोरनं एक आणि अँगेलिका फेरमाननं एक गोल केला. गोल करणाऱ्यांत नाइड नाही. पण मधल्या फळीची सूत्रं तिच्याकडे होती आणि जर्मन महिला संघाचा हा पहिलाच किताब. डीएफबीनं प्रत्येक खेळाडूला बक्षीस काय दिलं, तर कॉफीच्या कप-बशांचा आणि जेवणाच्या ताटांचा सेट. जर्मनीत आजही महिला फुटबॉलचा विषय निघाला की तो सेट आठवतो. तुमच्या मुलींना हे सांगाल तेव्हा हसण्यावारी जाऊ देऊ नका. पगार नाही, बक्षिसाची रक्कम नाही, उदरनिर्वाहासाठी दिवसा नोकरी आणि संध्याकाळी सराव, अशा बायकांनी तो किताब मिळवला होता.

1991 मध्ये दोन मोठ्या स्पर्धा झाल्या. जुलैत डेन्मार्कमधल्या युरोपीय स्पर्धेचा अंतिम सामना, पुन्हा नॉर्वेशी. नॉर्वेनं आधी गोल केला, मोरनं बरोबरी केली, सामना जादा वेळेत गेला. तिथे मोरनं दुसरा गोल करून आघाडी दिली आणि शेवटचा, सामना संपवणारा गोल नाइडचा. 3-1. पाय जड झालेले असताना, आघाडी राखायच्या वेळी, मिडफिल्डर समोरच्या गोलपर्यंत पोचलीय याकडे लक्ष द्या. अशा वेळी बहुतेकींची पावलं आपोआप मागे वळतात. नोव्हेंबरमध्ये चीनमध्ये पहिला विश्वचषक झाला. जर्मनीचा पहिला सामना नायजेरियाशी होता, जर्मनी 4-0 नं जिंकली, आणि त्यातला पहिला गोल नाइडचा. म्हणजे जर्मनीचा विश्वचषकातला पहिलावहिला महिला गोल तिच्या नावावर आहे. पुढे उपांत्य फेरीत अमेरिकेनं 5-2 नं हरवलं आणि जर्मनी चौथी आली.

1993 ची युरोपीय स्पर्धा जर्मनीसाठी वाईट गेली. 1995 ला मात्र मार्चमध्ये कायझर्सलाउटर्नला स्वीडनला 3-2 नं हरवून पुन्हा युरोपीय विजेतेपद आलं, आणि जूनमध्ये स्वीडनमधल्या विश्वचषकात जर्मनी अंतिम फेरीपर्यंत गेली. गटातल्या जपानविरुद्धच्या सामन्यात एकच गोल झाला, 1-0, आणि तो नाइडचा. अंतिम सामन्यात नॉर्वेनं 2-0 नं हरवलं. तेव्हा "विश्वचषक नाही" हे तुमचं म्हणणं बरोबर, पण विश्वचषकाचं उपविजेतेपद आहे, आणि ते वयाच्या एकतिसाव्या वर्षी. 1996 च्या ऑलिम्पिकमध्ये जर्मनीनं जपानला हरवलं, नॉर्वेशी हरली, ब्राझीलशी बरोबरी झाली आणि संघ गटातच गारद झाला. त्याच वर्षी नाइड थांबली.

आता इथवरचं एका ठिकाणी मांडते. पदार्पणात दोन, 1989 च्या उपांत्य सामन्यात एक, 1991 च्या अंतिम सामन्यात एक, पहिल्या विश्वचषकातला देशाचा पहिला, आणि 1995 ला सामन्याचा एकमेव गोल. 48 पैकी हे मोजके, पण गोल नेमके कधी झाले ते बघा. माझ्या हाताखालच्या मुलीनं 7-0 च्या सामन्यात तीन गोल केले तर मला आनंद होतो. 1-1 च्या सामन्यात एक केला तर मी तो वहीत लिहून ठेवते.

तरी आकड्यांचा प्रश्न उरतोच, कारण 111 आणि 48 हे आजच्या मानानं फार भव्य वाटत नाहीत. इथे मी एक तुलना करते, जी मला बरीच उपयोगी वाटते. नाइडनंतरची जर्मनीची मोठी मिडफिल्डर म्हणजे बेटिना वीगमन. 2003 च्या विश्वविजेत्या संघाची कर्णधार, आणि डीएफबीनं मानद कर्णधार केलेली पहिली स्त्री. तिचे सामने 154, गोल 51. वरवर पाहता वीगमन दोन्हीत पुढे. पण दोघींचा कालावधी बघा. नाइड 1982 ते 1996, वीगमन 1989 ते 2003. दोघीही चौदा-चौदा वर्षं खेळल्या आणि दोघीही बत्तिसाव्या वर्षी थांबल्या. नाइडला वर्षाला साधारण आठ सामने मिळाले, वीगमनला अकरा. सामन्यामागे गोल काढले तर नाइड 0.43 आणि वीगमन 0.33. शिवाय नाइडच्या कारकिर्दीतला मोठा भाग ऐंशी मिनिटांच्या सामन्यांचा. 1991 चा विश्वचषकही ऐंशी मिनिटांचाच होता. 1995 चा नव्वद मिनिटांचा झाला.

यावरून नाइड वीगमनपेक्षा मोठी, असं मी म्हणत नाही. वीगमनच्या काळात समोरचे संघ जास्त तयारीचे होते, मार्किंग कडक झालं होतं, आणि तिच्याकडे कामंही वेगळी होती. त्या दोघींत डावं-उजवं करायचं तर परिस्थितीवर बरंच अवलंबून राहील. मुद्दा एवढाच की चौदा वर्षं तितकीच, वय तितकंच, आणि तरी एकीच्या वाट्याला विश्वचषक चार आणि दुसरीच्या वाट्याला दोन आले. हा फरक पायातला नाही, जन्मसालातला आहे.

आता दुसरा प्रश्न, जो मला जास्त आवडतो. ती मैदानावर काय करत होती?

मिडफिल्डरची नोंद ठेवणं सगळ्यात कठीण. ऐंशीच्या दशकात गोल लिहिले जात, पास कुणी मोजत नसे. म्हणून मी माझी पद्धत सांगते, म्हणजे नाइडबद्दल मी जे म्हणते ते कशावरून, हे तुम्हाला कळेल. सामना बघताना माझ्या वहीत गोलचा रकाना शेवटी असतो. त्याआधी मी बघते की बॉल पायाशी येण्याआधी मुलीनं मान वळवून मागे बघितलं का. मग बॉल कुठल्या पायावर घेतला, जवळच्या की लांबच्या. मग तिचा पास कुठे गेला यापेक्षा त्या पासनंतरचा पास कुठे गेला. आणि आपला बॉल गेला त्या क्षणी ती कुठे उभी होती.

आमच्याकडे एक मुलगी होती, बॉलवर पकड उत्तम, चुकीचा पास जवळपास नाहीच. पालक म्हणायचे, हिला पुढच्या वयोगटात का घेत नाही? वही उघडून दाखवली. ती दर वेळी समोरच्या गोलकडे पाठ करून, जवळच्या पायानं बॉल थांबवायची आणि ज्या डिफेंडरकडून आला तिलाच परत द्यायची. पास बरोबर, पण संघ जागचा हलत नव्हता. मग तिला एकच गोष्ट शिकवली: बॉल येताना अंग अर्धं वळवून, एक खांदा आपल्या गोलकडे आणि एक समोरच्या गोलकडे ठेवायचा आणि बॉल लांबच्या पायावर घ्यायचा. बॉल थांबला की तोंड आपसूक पुढे. हे अंगवळणी पडायला आख्खा मोसम गेला. पहिल्या काही महिन्यांत तिचे पास जास्त चुकले, आकडे घसरले, आणि खेळ सुधारला. आकड्यांवर आंधळा विश्वास ठेवू नका असं मी का म्हणते, ते यातून दिसेल.

नाइडच्या बाबतीत अशी वही नाही. पण मधल्या फळीतून, तेही त्या काळात, दर दोन-अडीच सामन्यांमागे एक गोल करणं म्हणजे काय, हे मला माझ्या कामावरून सांगता येतं. जर्मनीत तेव्हा एकास एक मार्किंगची रीत होती. समोरच्या संघातल्या खेळ चालवणाऱ्या मुलीच्या मागे एक खेळाडू कायमची लावून दिली जायची. अशा मार्किंगमधून मिडफिल्डरला गोल मिळतो तो दोनच वाटांनी. एक तर ती इतकी वेगवान की मार्कर मागे पडते; नाहीतर ती बॉक्सकडे उशिरा निघते, मार्करचं लक्ष बॉलकडे वळलेलं असताना. पहिली वाट पंचविशीनंतर अरुंद होत जाते. नाइड पंचविशी, तिशी ओलांडल्यावरही महत्त्वाचे गोल करत होती, म्हणून तिच्याकडे दुसरी वाट होती असं मी मानते. हा माझा तर्क आहे. पण जादा वेळेतला 1991 चा गोल त्या तर्कात चपखल बसतो.

दुसरा पुरावा कर्णधारपदाचा. ती अनेक वर्षं राष्ट्रीय संघाची कर्णधार होती. ज्या संघातल्या मुली वेगवेगळ्या गावांतून नोकरी सांभाळून येतात, वर्षातून थोडेच दिवस एकत्र असतात, तिथे सरावातून सगळं बसवायला वेळ नसतो. बरंचसं मैदानावरच जमवावं लागतं, आणि ते जमवणारी व्यक्ती मधल्या फळीत असली तर सगळ्यांना दिसते आणि ऐकू येते. प्रशिक्षक बदलले नाहीत, बिझान्त्स 1982 ते 1996 कायम होते, ही गोष्टही तिच्या पथ्यावर पडली असणार.

क्लबच्या यशाला मी जरा कमी वजन देते, आणि हे मोकळेपणानं सांगायला हवं. सात राष्ट्रीय अजिंक्यपदं आणि सहा डीएफबी चषक, हा ऐवज मोठा दिसतो. 1984 चं अजिंक्यपद बेर्गिश ग्लाडबाखकडून, बाकीची सहा टीएसव्ही झीगनकडून. पण देशभराची एकच अखंड लीग तेव्हा नव्हती. 1990 ला महिला बुंडेसलीगा सुरू झाली तीही उत्तर आणि दक्षिण अशा दोन गटांत. एकच गट झाला 1997 ला, नाइड थांबल्यानंतर. त्याआधी प्रादेशिक विजेते जमायचे आणि बाद फेऱ्या व्हायच्या. वरचे दोन-तीन संघ आणि बाकीचे यांत दरी होती, आणि चांगल्या खेळाडू थोड्याच क्लबांत एकवटलेल्या. म्हणून "सात वेळा अजिंक्य" हे वाक्य मुलींसमोर जपून वापरा. चषकाचे सामने मात्र वेगळे. 1985 पासून महिला चषकाचा अंतिम सामना बर्लिनच्या ऑलिम्पिक स्टेडियमवर, पुरुषांच्या अंतिम सामन्याआधी व्हायचा. 1986 ते 1989 अशी सलग चार वर्षं झीगननं तो जिंकला. एवढ्या मोठ्या ग्राउंडवर दर वर्षी जाऊन जिंकणं, याला दम लागतो.

"मागाहून फुगवलं का" या शंकेवर एक साधा काळाचा पुरावा आहे. नाइड थांबली 1996 ला आणि डीएफबीनं लगेच तिला प्रशिक्षकांच्या फळीत घेतलं. टीना टॉयने मुख्य प्रशिक्षक झाल्या, नाइड त्यांची साहाय्यक आणि मुलींच्या युवा संघाची जबाबदारीही तिच्याकडे. त्या क्षणी प्रशिक्षक म्हणून तिच्या नावावर काहीच नव्हतं. जे काही होतं ते खेळाडू म्हणून कमावलेलं. 2003 चा विश्वचषक जिंकताना ती टॉयनेंच्या बाजूला बसलेली होती, 2004 ला थायलंडमध्ये तिच्या एकोणीस वर्षांखालच्या मुली विश्वविजेत्या झाल्या, 2005 ला ती मुख्य प्रशिक्षक झाली. प्रतिष्ठा आधी होती, पदं नंतर आली.

प्रशिक्षक नाइडमध्ये मिडफिल्डर नाइड दिसते का? मला दिसते. 2007 च्या विश्वचषकात जर्मनीनं सहा सामन्यांत 21 गोल केले आणि एकही खाल्ला नाही. लोक याचं श्रेय गोलकीपर नादिन अँगेररला देतात, आणि अंतिम सामन्यात ब्राझीलच्या मार्ताची पेनल्टी अडवणाऱ्या गोलकीपरला ते द्यायलाच हवं. पण एकही गोल न खाणं हे नुसत्या गोलकीपरचं काम नसतं. बॉल गेला की मधली फळी पहिल्या पाच सेकंदांत काय करते, त्यावर ते ठरतं. 2016 ला रिओमध्ये सुवर्ण मिळालं तेव्हा स्पर्धेत सर्वाधिक, पाच गोल करणारी मेलानी बेहरिंगर होती, मिडफिल्डर. अंतिम सामन्यात स्वीडनविरुद्ध पहिला गोल जेनिफर मारोझानचा, तीही मिडफिल्डर. मधून पुढे येऊन गोल करणाऱ्या मुलींवर नाइडचा भरवसा होता. स्वतः तशीच खेळलेली बाई तो ठेवणारच.

तिच्या खात्यात पराभवही आहेत. 2011 चा विश्वचषक जर्मनीत होता, सगळा देश बघत होता, आणि उपांत्यपूर्व फेरीत वोल्फ्सबुर्गला जपाननं जादा वेळेत 1-0 नं हरवलं. त्या सामन्यात तरुण मिडफिल्डर किम कुलिग सुरुवातीच्या काही मिनिटांतच जखमी होऊन बाहेर गेली आणि मधली फळी शेवटपर्यंत सावरली नाही. त्या हारीमुळे 2012 च्या ऑलिम्पिकचं दारही बंद झालं. नाइडवर टीका झाली, ती टिकून राहिली, आणि दोन वर्षांनी बऱ्याच नव्या मुली घेऊन युरोपीय स्पर्धा जिंकली. अंतिम सामना सोल्नाला, नॉर्वेविरुद्ध, 1-0. खेळाडू म्हणून 1995 चा विश्वचषकाचा अंतिम सामना ती सोल्नालाच, नॉर्वेशीच हरली होती.

2016 नंतर ती डीएफबीच्या महिला आणि मुलींच्या फुटबॉलसाठी सुरू झालेल्या स्काउटिंग विभागाची प्रमुख झाली. 2022 ला सतरा वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक भारतात झाला, जर्मनीचे बरेच सामने गोव्यात फातोर्ड्याला होते, आणि आपल्याकडच्या बऱ्याच प्रशिक्षकांनी ते ग्राउंडवर जाऊन बघितले. मीही गेले होते. उपांत्य सामन्यात स्पेननं जर्मनीला 1-0 नं हरवलं. मी बॉलकडे कमी आणि जर्मनीच्या मधल्या फळीच्या मानांकडे जास्त बघत होते. बॉल लांब असताना, कुणी बघत नसताना, त्या मुली सारख्या खांद्यावरून मागे बघत होत्या. सामन्याची क्लिप असेल तर मुलींना तेवढंच दाखवा.

आता तुमच्या भाषणाबद्दल. तुमच्या जागी मी असते तर पदकांच्या यादीनं सुरुवात केली नसती. कोब्लेन्त्सपासून केली असती: बाकावर बसलेली अठरा वर्षांची मुलगी, देशाचा पहिला सामना. मग मुलींना विचारलं असतं की तुम्ही बाकावर बसता तेव्हा काय बघता. उत्तरं ऐकून घ्या, घाई करू नका. निम्म्या जणी "बॉल" म्हणतील. त्यानंतर 1984 आणि 1987 ची रिकामी वर्षं सांगा, कारण स्पर्धा नसतानाही ती खेळत राहिली हे त्यांना कळायला हवं. मग झीगन, ओस्नाब्रुक आणि तो कपबशांचा सेट. 1991 चा जादा वेळेतला गोल फळ्यावर काढून दाखवू नका, त्याचं नेमकं चित्र आपल्याकडे नाही. पण बॉक्सकडे उशिरा निघायचा सराव त्याच दिवशी ग्राउंडवर घ्या. एक मुलगी मार्कर, एक मिडफिल्डर, एक बाजूनं बॉल देणारी. मिडफिल्डरनं बॉल निघेपर्यंत जागचं हलायचं नाही, एवढाच नियम. वीसेक मिनिटं पुरे होतील. प्रशिक्षक नाइडचं सगळं शेवटी दोन वाक्यांत सांगितलं तरी चालेल, ते त्यांना मोबाईलवर मिळतंच.